हत्यारपेटी : पक्कड नेमकी कुठे धरते?

मागच्या अंकात पक्कडीविषयी चार ओळी लिहिल्या आणि यंदाची बहुतेक पत्रं तिच्यावरच आली. जागेत बसतील तेवढी इथे घेतो.

प्रश्न : चवथीला गणपतीच्या वर टांगायची आमची माटोळी, म्हणजे फळांची लाकडी चौकट, आता तारेनेच बांधतो. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी नारळांचा घोस खाली आला. देवाच्या कृपेने मूर्तीला धक्का लागला नाही. मुलाने पक्कडीने तार चांगली कचकचून पिळली होती. मग असं का झालं? (गृहिणी, माशेल)

उत्तर : ताई, कचकचून पिळली हेच कारण. तुटलेली तार टाकली नसेल तर पाहा, ती पिळाच्या अगदी मुळाशी, दोन टोकं पहिल्यांदा एकमेकांवर चढतात तिथे तुटलेली दिसेल. काळी बाइंडिंग तार मऊ असते, कारण ती भट्टीत तापवून सावकाश थंड केलेली असते. तिला जितकं वाकवाल, पिळाल, तितकी ती त्या जागी कडक होत जाते आणि शेवटी ठिसूळ. मुलाला वाटलं दहावा पीळ दिला की दहापट घट्ट. खरं तर पाचव्या पिळानंतर तो तार मारत होता.

ताण खेचण्याने येतो, पीळ तो ताण धरून ठेवतो. म्हणून तार दुहेरी घ्या, लाकडी चौकटीला एक पूर्ण वेढा द्या आणि दोन्ही टोकं सारखी लांब ठेवा. चौकटीपासून दोन बोटांवर ती पक्कडीत एकत्र धरा, आधी खेचा आणि खेचलेलं सोडायचं नाही असं करून मनगट फिरवा. तीन-चार पीळ झाले की थांबा. उरलेलं टोक कापून चौकटीकडे वाकवून दाबा, म्हणजे आरतीच्या वेळी कोणाच्या डोक्याला लागणार नाही. कापताना तुकडा जमिनीकडे राहील असं धरा. तारेचा उडालेला तुकडा डोळ्यात गेलेला मी पाहिला आहे.

न सोललेला एक नारळ किलोच्या वर भरतो. पाच-सहा नारळांच्या घोसाला एका जागी टांगू नका, दोन ठिकाणी बांधा. चिबूड आणि तोरिंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) मात्र तारेने बांधूच नका. तार सालीत रुतते आणि फळ तिथून पाणी सोडू लागतं. त्यांना केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोरच हवा. आमच्या घरी आई केवणीची साल काढून, भिजवून, दोर वळून ठेवायची. तो दोर फळाला कधी कापत नसे. चवथीच्या आधी फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात सामान विकणाऱ्या बायकांकडे विचारा, अजून मिळतो. जड ते तारेला, नाजूक ते केवणीला, अशी वाटणी करून पाहा.

प्रश्न : घरात पाना नाही. नळाचा किंवा सायकलचा नट पक्कडीने सोडवला तर काय बिघडतं? (वाचक, कुडचडे)

उत्तर : भाऊ, पक्कडीचे अनेक वेडेवाकडे उपयोग मी आनंदाने सांगतो, पण या एका उपयोगाला माझा कायमचा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे.

मी एकतीस वर्षं बार्ज दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होतो. मांडवीच्या काठच्या धक्क्यांवरून खनिज भरून बार्जी मुरगावच्या बंदरात जायच्या. पावसाळ्यात आग्वादकडे नदीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. भरतीची वेळ ठरलेली, तेवढ्यात निघालं नाही तर दिवस गेला. मी नवा होतो. इंजिनाच्या डिझेलच्या नळीचा पितळी नट गळत होता, पाना वर राहिला होता आणि हातात पक्कड होती. मी ती आवळली. दात्यांनी सहाही कोपरे खाल्ले, नट गोल झाला, गळती वाढली. नवा नट आणेपर्यंत भरती उलटली. फोरमन ओरडले नाहीत. त्यांनी तो गोल झालेला नट माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘हा खिशात ठेव.’ तो अजून माझ्या पेटीत आहे.

कारण समजून घ्या. पाना नटाच्या सपाट बाजूंना समांतर टेकतो. पक्कडीचे जबडे एका खिळ्यावर फिरतात, त्यामुळे उघडले की त्यांच्यात कोन पडतो आणि ते नटाला फक्त कोपऱ्यांवर धरतात. पितळ मऊ, दाते कडक. नट हरणारच.

आधीच गोल झालेला नट काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे व्हाइस ग्रिप आणा. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने १९२४ मध्ये ही लॉक होणारी पक्कड बनवली. मुठीच्या टोकाचा स्क्रू फिरवून तोंडाचं माप ठरवायचं आणि मूठ दाबली की ती स्वतःच धरून बसते. तुमचा हात दाबायला नको, फक्त फिरवायला मोकळा. डोकं झिजलेला स्क्रू, तुटलेला बोल्ट, गंजून बसलेली गेटची कडी यांना मी आधी रात्रभर तेल पाजतो आणि सकाळी ती लावतो.

प्रश्न : कॉलेजच्या बॅगेची चेन ओढली की मागून उघडत जाते. शिंपी नवी चेन लावायचे दोनशे रुपये सांगतो. (विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : बाय, दोनशे रुपये ठेव. दाते शाबूत असतील तर दोष सरकणाऱ्या तुकड्याचा आहे. वापरून वापरून त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यातली फट रुंदावते, मग दाते एकमेकांत दाबून बसत नाहीत. चेन पूर्ण उघड. तुकड्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे चेन बंद होताना जुळलेले दाते जिथून बाहेर येतात तिथे, एक कडा पक्कडीत घे आणि हलकेच दाब. मग दुसरी कडा तेवढीच. बंद करून पाहा, गरज वाटली तर पुन्हा थोडंसं. एकदम जोर केलास तर तुकडा जाम होईल किंवा चिरेल. मग दातांवरून मेणबत्ती फिरव.

प्रश्न : रायबंदरला गरी टाकून मासे धरतो. शिंगाळा लागला की गरी काढताना हाताला काटा लागतो. पक्कड चालेल का? तीच पक्कड घरी कुर्ल्या (खेकडे) फोडायला वापरतो, बायको चिडते. (वाचक, रायबंदर)

उत्तर : चालेल, पण लांब चोचीची. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे ताठ काटे असतात, त्यांचा दंश तासन्‌तास ठणकतो. मासा जाड फडक्याखाली दाबा, चोच गरीच्या वळणापर्यंत न्या, आत शिरली त्या वाटेने गरी आधी मागे ढकला आणि मग बाहेर काढा. सरळ ओढली की गरीचा उलटा काटा मांस फाडतो. मी तर गरी पाण्यात टाकण्यापूर्वीच तो उलटा काटा पक्कडीने चेपून टाकतो. दोर ताणलेला ठेवला तर मासा सहसा सुटत नाही आणि बोटात गरी गेली तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

कुर्ल्यांच्या बाबतीत वहिनींचं बरोबर आहे. माशाच्या आणि यंत्राच्या तेलाची पक्कड जेवणाच्या ताटात नको. वेगळी घ्या, साधी, वापरून झाली की उकळत्या पाण्यात घाला आणि पुसून कोरडी करा. कुर्लीच्या डांग्याला (नांगीला) जबड्याच्या टोकाने दाबलं तर कवच चुरा होऊन मांसात जातं. आतल्या गोल, दातेरी खळगीत डांगा आडवा बसवा आणि एकच दाब द्या. तिथे जबडा सांध्याच्या जवळ असतो, म्हणून कमी जोरात कवच फुटतं आणि खळगीचा गोलावा डांग्याला घसरू देत नाही. मोरीची (लहान शार्क माशाची) कातडीसुद्धा पक्कडीने निघते: मानेजवळ सुरीने चीर द्या, कातडीचं टोक पक्कडीत धरा आणि शेपटीकडे ओढा. हाताने ती धरवत नाही, खरकागदासारखी असते.

काजूच्या कच्च्या बिया मात्र पक्कडीने फोडू नका. सालीतलं तेल उडून कातडी भाजते. भाजलेल्याच फोडा.

प्रश्न : बल्ब फुटला, पितळी बूड होल्डरमध्ये अडकून राहिलं. (ज्येष्ठ वाचक, पेडणे)

उत्तर : आधी मेन स्विच बंद. फक्त दिव्याचं बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं झालं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये २३० व्होल्ट असू शकतात. टेस्टरने पाहा, हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा. लांब चोचीची पक्कड मिटवून बुडाच्या आत घाला आणि मग आतल्या आत उघडा, म्हणजे चोचीच्या बाहेरच्या बाजू पत्र्याला धरतील. आपल्याकडच्या पिनवाल्या बल्बला आधी वर दाबून मग डावीकडे फिरवावं लागतं, हे विसरू नका. नुसतं फिरवलं तर होल्डरच तुटून हातात येतो. पक्कडीची रबरी मूठ चिरली असेल तर या कामाला ती घेऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात पक्कड गंजून घट्ट होते. खोबरेल लावतो, तरी तेच. (वाचक, काणकोण)

उत्तर : खोबरेल नको. ते खवट होऊन चिकटतं आणि धूळ धरतं, डिसेंबरच्या पहाटे थंडीने थिजतं ते वेगळं. सांध्यात थोडं रॉकेल सोडा, पक्कड शंभरदा उघडमीट करा, काळं पाणी पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवून मी पाहिलं आहे, तिचा उपयोग नाही. जूनमध्ये तांदूळच ओला होतो. हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळून जमिनीपासून वर, चुलीच्या भिंतीकडे ठेवा.