सगळे घेतात, मग मीच का नको?

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हल्ली वरचेवर विचारतात, "मॅडम, सगळे घेतात. मीच का मागे राहायचं?" विषय असतो मोडाफिनिलचा. दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरची ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. ती अभ्यासिकांतून हातोहात फिरते.

सागर (नाव बदललं आहे) सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. आजार काहीच नाही, तरी रोज सकाळी गोळी. पहिल्याच भेटीत त्यानं मला पेचात पकडायचा प्रयत्न केला.

"तुम्ही चहा पिता ना? मग फरक काय?"

प्रश्न रास्त होता. 'नैसर्गिक चांगलं, कृत्रिम वाईट' असलं उत्तर मला पटत नाही. २००८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात काही नामवंत शास्त्रज्ञांनी आणि कायदेतज्ज्ञांनी लिहिलं होतं की, निरोगी प्रौढांना अशी औषधं जबाबदारीनं घेऊ द्यावीत. उलट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०११मध्ये अभ्यासासाठी चिठ्ठीविना अशी औषधं घेणं गैरप्रकारात मोडतं असं ठरवलं. म्हणजे जाणत्यांचंही एकमत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, "चहा मी शेजाऱ्याच्या भीतीनं पीत नाही."

तो हसला, पण गोळी सुरूच राहिली.

समुपदेशनात मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. माणसाला घटना नव्हे, तिच्याबद्दलचा हट्टी समज छळतो, असं या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस सांगत. सागरचा हट्ट होता, 'मी कुणाच्याही मागे पडताच कामा नये.' पण हे मी सांगून उपयोग नव्हता. ते त्याला दिसायला हवं होतं.

एके दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, "रूमवरचा नवा पोरगा गोळी मागत होता. दिली नाही."

"का?"

"लहान आहे हो तो. त्याच्या आईनं मला लक्ष ठेवायला सांगितलंय."

"तुला चालते, मग त्याला का नाही?"

बराच वेळ गेला. मी मुद्दाम बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनेक वर्षांच्या सरावानं जमलंय. शेवटी तो म्हणाला, "मी दुसऱ्याचं बघून सुरू केली. तो माझं बघून मागतोय."

इथे मला या वादाचं मूळ सापडलं. 'माझं शरीर, माझी मर्जी' हे म्हणणं एकट्या माणसापुरतं ठीक. पण स्पर्धेत माझी मर्जी शेजाऱ्यावर सक्ती होऊन बसते, आणि सगळ्यांनीच घेतली तर कुणीच पुढे जात नाही. फक्त सगळ्यांची झोप जाते.

गोळीचा फायदाही वाटतो तेवढा नसतो. २०२३मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी निरोगी लोकांना अशी औषधं देऊन कोडी सोडवायला लावली. मेहनत वाढली, उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. सागरचंही तेच: बैठक लांबली होती, सराव परीक्षेचे गुण होते तिथेच. शिवाय मोडाफिनिलचा अंमल ओसरायला वेळ लागतो. सकाळच्या गोळीचा निम्मा अंश रात्रीही शरीरात असतो. वाचलेलं मुरतं ते झोपेत, आणि नेमकी तीच ही गोळी खाते.

पालकांनो, मूल गोळी घेतंय हे कळलं तर आधी रागावू नका. 'कुणाचं बघून सुरू केलीस?' हे विचारा. लहानपणापासून लक्षच टिकत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या; तिथे औषध हा उपचार आहे, लबाडी नाही. आणि रोज घेणाऱ्यानं पुढचं पाऊल डॉक्टरांना विचारूनच टाकावं. सागरनंही तेच केलं.