चष्मा विसरलाय, असं पुन्हा सांगू नकोस

मित्रा,

हे पत्र फोनकडून वाचून घेतलंस तरी चालेल. मीही तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकलाय.

त्यात तू सांगितलंस, सरांनी उतारा वाचायला उभं केलं आणि तू म्हणालास, चष्मा विसरलो. तुला चष्माच नाही! मला हसू आलं, कारण मलाही डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचता-लिहिताना गोंधळ होतो, आणि माझी सबब घसा बसल्याची असायची. 'निर्मिती' हा एक शब्द घे. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. र आधी म्हणायचा, पण रफार म्हणून बसवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यात घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल. घरचे म्हणायचे, मन लावत नाही. एक पान संपेपर्यंत शर्ट घामानं भिजायचा, तो कुणी पाहिला नाही.

आत्मविश्वास वाढव वगैरे मी सांगणार नाही. परीक्षा विभागात जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्यात डिस्लेक्सिया येतो. केंद्राच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळायची. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आपण सांगू ते उत्तर लिहिणारा लेखनिकही मागता येतो. आताच्या सूचना काय आहेत ते मात्र विचार, आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं मागून घे, आणि अर्ज परीक्षेच्या तोंडावर नको, आत्ताच कर.

याला 'सवलत' म्हणतात, ते मला खटकतं. हा हक्क आहे. 2021 मध्ये डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण असलेल्या एका मुलीला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा तास न देताच पेपर काढून घेतला होता. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यावर अन्याय झाला, हे न्यायालयानं मान्य केलं.

लेखनिकाबरोबर आधी दोन-तीन जुने पेपर सोडव, नाहीतर माझ्यासारखं होईल. पहिल्या पेपरला लाजून मी वीस मिनिटं गप्प. मग एकदा सांगायला लागलो, तर लेखनिक पेन खाली ठेवून म्हणाला, "अरे, जरा हळू सांग ना!" मला हळू म्हणणारा तो पहिलाच माणूस.

सोमवारी अकराला ऑफिस उघडतं. मी सोबत येतो, पण खिडकीपाशी बोलायचं तू.

तुझा,
दादा