वाचकांचे प्रश्न : बदामी, ऐहोळे, पट्टदकल

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या चालुक्यकालीन लेण्यांविषयी आणि मंदिरांविषयी होती. म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : बदामीजवळची बनशंकरी हे आमचे कुलदैवत आहे. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही दर्शनाला जातो, देवीची ओटी भरतो आणि परत फिरतो. या वेळी दोन पूर्ण दिवस काढले आहेत. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असतील. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे? (एक वाचक, सांगली)

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे कुलाचारासाठी बनशंकरीपर्यंत जातात आणि तेथून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेली चालुक्यांची राजधानी न पाहता घरी परततात, याची मला नेहमी हळहळ वाटते. आपण दोन दिवस काढलेत, हे फार चांगले केलेत. पौष पौर्णिमेच्या सुमारास बनशंकरीची मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत वृद्धांना बरोबर घेऊन जाणे मात्र टाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे, कारण मार्चनंतर येथला वालुकाश्म अक्षरशः भाजून निघतो.

पहिला दिवस बदामीला द्यावा. सकाळी लवकर दर्शन आटोपून थेट लेण्यांकडे यावे. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीने इथला डोंगर तटबंदी करून बळकट केला, असे सांगणारा शक ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ च्या सुमाराचा लेख येथील कड्यावर कोरलेला आहे आणि या राजवंशाची कहाणी तिथूनच सुरू होते. लेणी चार आहेत. पहिल्या लेण्यापर्यंतची चढण फारशी नाही आणि अठरा हातांचा नृत्यमग्न शिव तिथेच, दर्शनी भागाच्या बाजूला आहे. सासू-सासऱ्यांनी तेवढे पाहून सावलीत बसले तरी त्यांची फेरी वाया जाणार नाही.

आपण स्वतः मात्र तिसऱ्या लेण्यापर्यंत जावेच. कीर्तिवर्म्याच्या राज्यकाळात त्याचा भाऊ मंगलेश याने हे विष्णूचे लेणे करवून घेतले आणि शक ५०० मधील, म्हणजे इ. स. ५७८ मधील, कार्तिक पौर्णिमेचा उल्लेख असलेला लेख तेथे कोरवला. इतक्या जुन्या लेण्याचा काळ तिथीसह सांगणारा लेख मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. बदामीच्या इतर लेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना याच लेण्याचा आधार होतो. ओसरीच्या एका टोकाला शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू आहे. विष्णूची शेषशायी मूर्ती आपल्या ओळखीची असते, परंतु शेषावर असा ऐटीत बसलेला विष्णू क्वचितच पाहायला मिळतो. नंतर मान वर करून खांबांच्या माथ्यावरची जोडपी पाहावीत. छताला वाशासारखा तिरपा आधार द्यावा तशी ती कोरलेली आहेत, आणि लाकडी बांधकामाची सवय असलेले हात दगडात काम करत होते हे तेथे स्पष्ट दिसते. माकडे फार असल्यामुळे हातात खाऊची पिशवी धरू नये.

दुपारी तलावाकाठचे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय पाहावे. या खात्याची अशी स्थळ-संग्रहालये साधारणपणे शुक्रवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून बेत आखावा. संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या पूर्वेच्या टोकावरील भूतनाथ मंदिरांपाशी बसावे. जेवणाचे म्हणाल, तर बनशंकरीच्या तीर्थापाशी आसपासच्या गावांतल्या बायका बुट्टीतून ज्वारीची भाकरी, चटणी, उसळ आणि दही घेऊन बसतात. त्या जेवणापुढे इतर सोय शोधण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आधी ऐहोळे गाठावे आणि परतीच्या वाटेवर पट्टदकल पाहावे. बरेच वाहनचालक पट्टदकल वाटेत आधी लागते म्हणून तिथेच थांबतात, पण तेथे न थांबता पुढे जाण्याचा आग्रह धरावा. ऐहोळ्यात मंदिर कसे असावे याचे प्रयोग चाललेले दिसतात, तर पट्टदकलात त्यांचे परिपक्व रूप दिसते. उलट क्रमाने पाहिल्यास ऐहोळे ओबडधोबड वाटते आणि त्याचे खरे मोल लक्षात येत नाही. पट्टदकलची मंदिरे सपाट, हिरवळीच्या आवारात असल्यामुळे दिवसाच्या शेवटी वृद्धांना ती सोसतील. ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिराच्या आवारातही चढ नाही. हे नाव तिथल्या तटबंदीवरून आले आहे, दुर्गादेवीवरून नव्हे. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेल्या या मंदिराच्या भोवतालच्या ओसरीतून एक पूर्ण फेरी सावकाश मारावी.

मेगुटीच्या टेकडीवर मात्र आपण एकट्यानेच चढावे. तेथील जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीने शक ५५६ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४-३५ मध्ये रचलेली दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती, म्हणजे गौरवपर काव्यलेख, आहे. हर्षवर्धनाच्या पराभवाचा उल्लेख तिच्यात आहेच, पण मराठी माणसाने ती पाहावी याचे आणखी एक कारण आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या, ‘महाराष्ट्रक’ म्हटलेल्या तीन प्रदेशांचे आधिपत्य पुलकेशीला मिळाले, असे ती सांगते. रविकीर्तीने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केली आहे, त्यामुळे कालिदास या लेखाच्या आधी होऊन गेला, हेही निश्चित ठरते.

प्रश्न : नागर आणि द्राविड शिखरांतला फरक पुस्तकात वाचला की कळतो, प्रत्यक्ष मंदिरासमोर उभे राहिले की गोंधळ उडतो. सोपी खूण कोणती? (एक विद्यार्थिनी, पुणे)

हा गोंधळ मिटवण्यासाठी पट्टदकलसारखी जागा नाही, कारण तेथे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी उभे आहेत. काशीविश्वनाथ आणि मल्लिकार्जुन या दोन मंदिरांच्या मध्ये उभे राहावे आणि प्रथम फक्त बाह्यरेषा पाहावी. काशीविश्वनाथाच्या शिखराची रेषा तळापासून वर जाताना सलग, हलकेच आत वळत जाते. हे नागर शिखर होय. मल्लिकार्जुनाचे शिखर मजल्यामजल्याने आत सरकत जाते आणि प्रत्येक मजल्याच्या कडेला लहान देवळांच्या प्रतिकृतींची रांग असते. हे द्राविड. नागर शिखराच्या माथ्यावर आवळ्यासारख्या खाचा असलेली दगडी चकती असते, तिला आमलक म्हणतात. पट्टदकलात ती पाहायची असेल तर गळगनाथ मंदिराकडे जावे.

बाह्यरेषा डोळ्यांत बसली की मग शिखराच्या पुढच्या अंगाला, गाभाऱ्याच्या दाराच्या वर पुढे आलेला भाग पाहावा. त्याला शुकनास म्हणतात. दोन्ही प्रकारच्या मंदिरांत तो येथे आढळतो आणि पुढे दख्खनच्या मंदिरांत तो रुळलेला दिसतो. शेवटी पापनाथ मंदिर पाहावे. शिखर नागर, पण भिंतीच्या माथ्यावर द्राविड पद्धतीच्या लहान देवळांची ओळ, असा तो मेळ आहे. उत्तरेची आणि दक्षिणेची पद्धत जाणणारे कारागीर मलप्रभा या एकाच नदीच्या काठी काम करत होते, एकमेकांचे पाहत होते आणि घेत होते, हे तेथे दिसते. माझ्या मते पट्टदकलचे खरे वैशिष्ट्य हेच आहे, आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला त्यामागेही हाच मेळ होता.

महाराष्ट्रात परतल्यावर अंबरनाथ किंवा सिन्नरचे गोंदेश्वर पाहावे. ती भूमिज पद्धतीची, नागर कुळातलीच मंदिरे आहेत, परंतु त्यांच्या शिखरांवर लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या रांगा आहेत. पट्टदकल पाहून आलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच कळतो.

प्रश्न : वेरूळचे कैलास लेणे हे पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची नक्कल आहे, असे एका मार्गदर्शकाने सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाते खरे आहे, परंतु त्याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हे नाते कांचीपासून सुरू होते. पल्लव राजा राजसिंह याने आठव्या शतकाच्या आरंभी कांचीला कैलासनाथ मंदिर बांधले. चालुक्य आणि पल्लव यांचे वैर जुने होते. इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लवांनी बदामी जिंकली होती आणि त्याचा लेखही तेथे कोरून ठेवला होता. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली. त्याने ती लुटली नाही. कैलासनाथाचे वैभव पाहून मंदिराची संपत्ती त्याने देवाला परत दिली, असे सांगणारा त्याचा कन्नड लेख आजही कांचीच्या त्याच मंदिरात आहे. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर बांधवले, आणि तिची धाकटी बहीण व सवत त्रैलोक्यमहादेवी हिने शेजारचे मल्लिकार्जुन. जिंकलेल्या शत्रूच्या देवळापुढे राजा नमला आणि त्या देवळाची छाया त्याच्या राणीने आपल्या भूमीत उभी केली, ही घटना आपल्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

इ. स. ७५३ च्या सुमारास राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता संपवली आणि त्याच्यानंतर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास आकाराला आले. स्वतंत्र नंदिमंडप, त्यामागे सभामंडप, त्यामागे द्राविड शिखराचे विमान, म्हणजे गाभारा आणि त्यावरील शिखर, ही मांडणी विरूपाक्षाशी जुळते, यात शंका नाही. पण विरूपाक्ष हे घडवलेले चिरे एकावर एक रचून पायापासून वर बांधले गेले, तर कैलास अखंड डोंगर वरून खाली खोदत कोरले गेले. रचताना चुकीचा चिरा बदलता येतो, खोदताना काढलेला दगड परत बसवता येत नाही. आराखडा ओळखीचा असला तरी तो उलट्या दिशेने आणि कितीतरी मोठ्या आकारात साधणे हे स्वतंत्र प्रतिभेचेच काम आहे.

आपल्या मार्गदर्शकाने एक गोष्ट सांगितली नसावी, ती येथे नोंदवतो. विरूपाक्षाच्या लेखात त्याचा स्थपती, म्हणजे मुख्य वास्तुकार, गुंड याचे नाव गौरवाने कोरलेले आहे आणि पापनाथाच्या भिंतीवर रेवडी ओवज्ज या शिल्पकाराचे नाव आहे. आपल्याकडील प्राचीन कारागीर निनावी राहिले, असे जे सरसकट म्हटले जाते, ते निदान या नदीकाठी खरे नाही.

प्रश्न : ऐहोळ्याचे लाडखान मंदिर पाचव्या शतकातले आहे की आठव्या? दोन पुस्तकांत दोन उत्तरे आहेत. (एक वाचक, सोलापूर)

जुन्या लेखकांनी सपाटसर छत आणि लाकडी घरासारखी रचना पाहून ते पाचव्या शतकातले ठरवले होते. आताचे बहुतेक अभ्यासक ते सातव्या-आठव्या शतकातले मानतात, आणि मलाही तेच पटते. साधी रचना म्हणजे जुनी रचना, हा निकष मंदिरांच्या बाबतीत अनेकदा फसवा ठरतो. छताच्या फरशांमधल्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, त्या पाहण्यास विसरू नये. पावसाचे पाणी सांध्यातून आत झिरपू नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

प्रश्न : मंदिर पाहायला गेले की हात जोडले जातात, मूर्तीला हळद-कुंकू वाहावेसे वाटते. संरक्षित स्थळी हे चालते का? (एक वाचक, कोल्हापूर)

हात अवश्य जोडावेत. विरूपाक्ष मंदिरात आजही नित्य पूजा होते आणि तेथे पुजाऱ्यांमार्फत हळद-कुंकू वाहण्यास काहीच हरकत नाही. ज्या लेण्यांत आणि मंदिरांत पूजा चालू नाही, तेथे मात्र तेल, कुंकू, फुले यांतले काहीही मूर्तीवर घालू नये. वालुकाश्म सच्छिद्र असतो. तेल त्यात मुरते, त्यावर धूळ चिकटते आणि तो थर काढताना दगडाचा पृष्ठभागही निघून येतो. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात छताजवळ जुन्या रंगांचे अंश शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी तर दिव्याची काजळीही घातक आहे. हाताचा घामही असाच साचत जातो, म्हणून मुलांना मूर्तींवर चढून छायाचित्र काढू देऊ नये.

काही पर्यटक खांबांवर नावे कोरतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची अशी नासधूस करणे हा गुन्हा असून, प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणी असे करताना दिसल्यास स्वतः वाद न घालता आवारातील पहारेकऱ्याला लगेच सांगावे.