खिळ्याविना शिवलेली नाव

प्रश्न : इजिप्तच्या खुफू राजाच्या नावेला खिळेच नव्हते म्हणे. मग सांध्यांतून पाणी कसं शिरत नसे?

उत्तर : गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपाशी १९५४ साली सापडलेली ही नाव सुमारे ४३ मीटर लांब, १२२४ तुकड्यांची. लाकूड मुख्यतः लेबनॉनच्या देवदाराचं, फळ्या दोरांनी शिवलेल्या. खरी करामत भोकांत आहे! फळीच्या आतल्या अंगानं शिरलेला दोर जाडीतच वळून पुन्हा आतच निघतो. भोक आरपार असतं, तर प्रत्येक टाका गळला असता, आणि तळ घासताना दोरही तुटले असते. सांध्यांवर आतून लाकडी पट्ट्या दाबलेल्या. पाण्यात लाकूड फुगतं, ओला दोर आखडतो, सांधा आवळतो. उन्हात कोरडी पडली, की मात्र फटी उघडणारच.