कृत्तिकांभोवतीचा निळा धूर म्हणजे तारे जन्मण्याची जागा का? खेड्यातून तो दिसतो का?

नाही, कृत्तिकांभोवती सध्या तारे जन्मत नाहीत. तो धूरही फोटोत दिसतो तसा निळा आपल्या डोळ्यांना कुठूनच दिसणार नाही. तरी तुमची शंका रास्त आहे. ती धूळ म्हणजे कृत्तिकांच्या जन्मातून उरलेला माल, असं खगोलशास्त्रज्ञही बरीच वर्षं धरून चालले होते. पण या ताऱ्यांचं वय साधारण 10 कोटी वर्षं आहे आणि एवढ्या काळात जन्मावेळची धूळ कधीच पांगून जाते. शिवाय ताऱ्यांचा वेग आणि त्या ढगाचा वेग मोजला तर दोन्ही जुळत नाहीत. ढग आपल्या वाटेने चाललाय, तारे त्यांच्या वाटेने, आणि आपल्या काळात दोघांची गाठ पडली आहे एवढंच.

हा परावर्तन तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांच्या उसन्या उजेडाने चमकणारा धुळीचा ढग. रात्री फुफाट्याच्या रस्त्याने ट्रॅक्टर गेला की फोकसात धूळ चमकते, पण उजेड धुळीचा नसतो; तसंच हे. 1912 साली अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकांमधल्या मेरोपी या ताऱ्याजवळच्या ढगाचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिला. तो थेट ताऱ्यासारखाच निघाला, त्याच काळ्या रेषांसकट. म्हणजे ढगाचा स्वतःचा प्रकाश नव्हताच. धुळीचे कण इतके बारीक असतात की ते लाल प्रकाशापेक्षा निळा जास्त विखुरतात, आणि मुळात हे तारेही निळसर आहेत. म्हणून फोटोत तो रंग.

तारा जास्त तापट असेल, म्हणजे पृष्ठभाग साधारण 25,000 अंशांच्या वर, तर त्याचे अतिनील किरण हायड्रोजनचे अणू फोडतात आणि वायू स्वतःच लालसर पेटतो. मृगातला मोठा तेजोमेघ असा आहे. मेरोपीच्या अंगात तेवढा ताप नाही.

आता जन्माचं. तारा जन्मतो तो उजेडात नव्हे, अंधारात. दाट ढगाच्या पोटात धूळ बाहेरचा प्रकाश आत येऊ देत नाही. त्यामुळे तिथलं तापमान उणे 260 अंशांच्या आसपास उतरतं, आतला वायू स्वतःच्या वजनाला तोलू शकत नाही आणि कोसळू लागतो. कोसळता कोसळता मधला गोळा तापत जातो. गाभ्यात 1 कोटी अंश झाले की हायड्रोजन जळू लागतो. सूर्यासारख्या ताऱ्याला इथवर यायला जवळपास 5 कोटी वर्षं लागतात. यातला सुरुवातीचा भाग साध्या प्रकाशात दिसत नाही. धुळीतून पार होणारे अवरक्त किरणच तिथली खबर आणतात.

पण कधी कधी तान्हा तारा स्वतःच आपला पत्ता देतो. जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेतल्या केंटकीतले हौशी निरीक्षक जे मॅकनील यांनी 3 इंची दुर्बिणीतून मृगातल्या एम 78 या परावर्तन तेजोमेघाचा फोटो घेतला. त्यात आधीच्या फोटोंत नसलेला एक धूसर ठिपका होता. धुळीत दडलेला एक कोवळा तारा अचानक भडकला होता आणि त्याचा उजेड शेजारच्या धुळीवर पडला होता. मोठमोठ्या वेधशाळा असताना हा मान 3 इंची दुर्बिणीला मिळाला, हे मला फार आवडतं. तेव्हा परावर्तन तेजोमेघाचा आणि जन्माचा संबंध नाहीच असं नाही. एम 78 मध्ये आहे, कृत्तिकांमध्ये नाही.

बघायचं कसं? आम्ही यवतमाळकडचे. रब्बीच्या ओलिताला लाइन बहुधा रात्रीच मिळते, नाहीतर रोही-डुकरांपायी जागल असते. डिसेंबर-जानेवारीचं आकाश आयतंच पदरात पडतं. अमावास्येच्या आगेमागे बघा. कार्तिकी पौर्णिमेला तर चंद्रच कृत्तिकांना खेटून असतो, ती रात्र सोडाच. मेरोपीचा ढग फार फिका आहे, साध्या द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) तो दिसला असं कुणी म्हणालं तर मी आधी काच तपासायला सांगतो. भिजलेल्या वावरात काचेवर दव बसतं आणि प्रत्येक ताऱ्याभोवती ढग दिसायला लागतो. द्विनेत्री शेजारच्या रोहिणीकडे वळवा. तिलाही तसंच वलय असेल तर रुमालाने काच पुसा.

खरोखर तारे जन्मतात ती जागा बघायची असेल तर मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाच्या दक्षिणेला या. तिथला धूसर पट्टा म्हणजेच वर सांगितलेला मृगातला मोठा तेजोमेघ; तो अंधाऱ्या वावरातून नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो, 10 बाय 50 च्या (10 पट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगाच्या) द्विनेत्रीत तर स्पष्ट. अंतर सुमारे 1,350 प्रकाशवर्षं. एम 78 बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्यापासून थोडा ईशान्येला आहे. त्याला मात्र छोटी का होईना, दुर्बीण आणि स्टँड लागेल.