बीडीएस केलं तर लहान मुलांना लस देता येईल का?

लातूरहून पत्र लिहिणाऱ्या ताई,

नीटच्या गुणांवर एमबीबीएस हुकतंय, बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, मिळेलसं दिसतंय. आत्या उपकेंद्रात एएनएम, त्यामुळे तुला मुलांच्या लसीकरणाची ओढ. अमेरिकेतले डेंटिस्ट लसही देतात हे वाचून तू विचारतेस, मलाही जमेल ना?

वाचलंस ते खरं आहे. ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये डेंटिस्टना कायद्याने तशी मुभा दिली. पण आपल्याकडे मुलांना लस टोचते ती तुझ्या आत्यासारखी नर्स, नाहीतर डॉक्टर. सुई हातात हवीच असेल तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग बघ. नावाआधी ‘डॉ.’ लागणार नाही म्हणून घरचे नाक मुरडतील, तो भाग वेगळा.

तरी डेंटिस्टचा लसीशी संबंध नाही, असंही नाही. बारा वर्षांचं धडधाकट पोर एरवी डॉक्टरकडे जातं कधी? दातांना तारा लावल्या की मात्र नेमाने येऊन खुर्चीत बसतं, सोबत आई किंवा बाबा. एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीचंही वय हेच, ९ ते १४, दोन डोस. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची म्हणून लोक ती मुलींपुरती समजतात. तोच विषाणू घशाचा आणि जिभेच्या मुळाचा कर्करोगही घडवतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्ही लस मुलगे-मुली दोघांसाठी मंजूर आहे, हे कितीजणांना ठाऊक असतं? आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू आणि सुपारी. ते लसीने टळत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावं लागतं. शिवाय गोवराचं पुरळ उठण्याआधी गालाच्या आत, दाढांसमोर, बारीक पांढरे ठिपके येतात. तोंड बघायची सवय असलेल्याला ते आधी दिसू शकतात.

म्हणजे काम विचारायचं, पटवायचं आणि चिठ्ठी देऊन पाठवायचं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. हे आवडणार असेल तर बीडीएस घे. पुढे एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, बालदंतरोग किंवा पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री. दुसऱ्या शाखेत शाळा-गावांतली शिबिरं जास्त, खाजगी प्रॅक्टिसचा पैसा कमी. माझं मत विचारशील तर तुझ्या पत्राचा सूर तिकडचाच आहे.

प्रवेश घेतलास तर पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचे हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, आत्याला कार्ड बघायला सांग. राहिले असतील तर पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.