लुटीत कामगारांचा वाटा किती?

प्रश्न : श्रीमंत देशांतील कामगारही साम्राज्याच्या लुटीचे वाटेकरी असतात, हे मार्क्सवाद्यांना मान्य आहे काय? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : याबाबत त्यांच्यात एकमत नाही. इंग्रज कामगार अधिकाधिक भांडवलदारी वळणाचा होत चालल्याची तक्रार मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८५८ मध्येच मार्क्सला पत्रातून कळवली होती. लेनिनने मात्र १९१६ मध्ये हा ठपका सरसकट न ठेवता, वसाहतींतील जादा नफ्यावर पोसलेल्या कामगारांच्या वरच्या थरापुरताच ठेवला. आम्हांला लेनिनची ही मर्यादा रास्त वाटते, कारण सामान्य कामगाराच्या पदरात लुटीचा वाटा पडतोच असे नाही. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस आटला, तेव्हा आपल्या वऱ्हाडातील कापसाचे भाव चढले आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामगारांवर (साम्राज्याच्या ऐन भरभराटीत!) धर्मादाय मदतीवर पोट भरण्याची पाळी आली.